काकूंच्या जागी काकू

राज्यभरातल्या हौशी नाटकमंडळ्यांचा मिळून एक महासंघ आहे. त्याचं पूर्ण नाव इतकं लांबलचक की ते पाटीवर मावलं नाही, शेवटचा शब्द भिंतीवर रंगवावा लागला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्याच्या दोन खोल्या. एकीत टेबल, फोन आणि चिटणीस. दुसरीत दाढ्या, मिशा, लाकडी तलवारी आणि कुठल्याशा नाटकातला एक आख्खा जिना. गावोगावच्या मंडळ्यांना हे सामान उसनं द्यायचं, शिबिरं घ्यायची, वर्षातून एकदा महोत्सव भरवायचा, आणि दोन मंडळ्यांचं भांडण झालं की दोघींनाही स्वतंत्रपणे ‘तुमचंच बरोबर आहे’ असं सांगायचं, ही महासंघाची कामं. पण महासंघाची अब्रू खरी टिकून होती ती एका माणसामुळे. ते माणूस म्हणजे ऐनवेळच्या काकू.

हौशी नाटकात माणसं आजारी फार पडतात. त्यातही ती प्रयोगाच्या सकाळी पडतात. नायिकेचा घसा बसतो, सासूचा पाय मुरगळतो, मैत्रिणीच्या घरी नेमके त्याच दिवशी पाहुणे टपकतात. मग मंडळीचा कुणीतरी रडकुंडीला येऊन महासंघाला फोन लावतो, महासंघाचे चिटणीस चष्म्याच्या दुकानात फोन लावतात, आणि तिथे एखाद्या गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत असलेल्या काकू एवढंच विचारतात, “कुठलं गाव?”

दुकानाचा मालक कुरकुरत नसे. काकू जिथे जात तिथल्या लोकांच्या वाकड्या चष्म्यांकडे त्यांचं लक्ष जाई, आणि प्रयोग संपल्यावर मेकअप पुसता पुसता त्या समोरच्याला सांगत, “तुमची उजवी काडी वर गेलीये, एकदा दुकानात या.” लोक येतही असत.

काकूंची कामाची रीत त्यांची स्वतःची होती. मंडळीकडून आलेली नाटकाची प्रत घेऊन त्या बसमध्ये खिडकीशी बसत आणि फक्त आपली वाक्यं वाचत. समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे तीन-चार शब्द पाहून ठेवत, म्हणजे आपलं तोंड कधी उघडायचं ते कळावं. बाकी काही नाही. आपल्या प्रवेशांच्या पलीकडे काय घडतं, शेवट काय होतो, कोण कुणाचं कोण, ह्याच्या वाटेला त्या जात नसत. तेवढा वेळच नसे. निघताना नवरा डबा हातात देऊन विचारायचा, “आज मरायचंय की जगायचंय?”

“माहीत नाही हो. तिथे गेल्यावर कळेल.”

गंमत अशी की ह्या अर्धवट वाचण्यानेच काकू मोठ्या झाल्या. समोरचा काय सांगणार हे त्यांना ठाऊक नसे, म्हणून त्या जिवाचा कान करून ऐकत. गोष्ट कळली की त्यांचा चेहरा खरोखर बदले, कारण गोष्ट त्यांना खरोखर तेव्हाच कळलेली असे. एका रहस्यनाटकात खून त्यांनीच केला होता, आणि ते त्यांना शेवटच्या अंकापर्यंत माहीत नव्हतं. इन्स्पेक्टरने त्यांच्याकडे बोट दाखवलं तेव्हा काकूंनी मागे वळून पाहिलं. परीक्षकांनी त्या मागे वळण्याबद्दल कौतुकाचा आख्खा परिच्छेद लिहिला. एकदा तर एका शहरात त्या चुकून भलत्याच सभागृहात शिरल्या आणि भलत्याच मंडळीच्या नाटकात पहिला प्रवेश उरकून आल्या. त्या मंडळीला वाटलं, दिग्दर्शकाने आयत्या वेळी पात्र वाढवलं असेल. दिग्दर्शकाला वाटलं, लेखकाने. कुणी कुणाला विचारलं नाही, हौशी माणसं एकमेकांचा मान राखून असतात.

सगळं होतं, नाव तेवढं नव्हतं. पोस्टर आधी छापलेली असत, त्यावर घसा बसलेल्या बाईचं नाव असे. पाटीवर तीच, वर्तमानपत्रात तीच. इतकी वर्षं राज्यभर कामं करून काकूंचं नाव भिंतीवर कुठेही चिकटलं नव्हतं. काकू हे हसण्यावारी नेत. पण एकदा घरच्या कार्यात जाऊबाई चारचौघांत म्हणाल्या, “तुम्ही नाटकात असता म्हणतात, पण आम्ही कधी नाव वाचलं नाही हो कुठे. म्हणजे बदली कामगार असतात तसंच ना ते?” काकू तेव्हाही हसल्या. घरी येऊन मात्र त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढून पुसले, आणि त्या कधी डबे पुसतात हे नवऱ्याला चांगलं माहीत होतं.

अशात गावातल्याच मंडळीने महोत्सवासाठी नाटक घेतलं आणि नायिकेच्या कामाला काकूंना विचारलं. ऐनवेळी नाही, दोन महिने आधी. दिग्दर्शक होते गुरांचे डॉक्टर. बदलून आलेले, हुशार, उत्साही, आणि दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबण्याची सवय नसलेले. त्यांच्या पेशंटांनी त्यांना ती कधी लावलीच नव्हती.

नाटक साधं होतं. एक बाई खानावळ चालवते. तिचा धाकटा भाऊ जहाजावर कामाला. बाई त्याची वाट बघतेय. दुसऱ्या अंकात कंपनीचा माणूस येऊन सांगतो की जहाज बुडालं, भाऊ गेला. तिसऱ्या अंकात ती बाई दार उघडून पुन्हा कामाला लागते. कंपनीच्या माणसाचं छोटं पण भाव खाऊन जाणारं काम डॉक्टरांनी अर्थातच स्वतःकडे ठेवलं होतं आणि त्यासाठी नवे बूट घेतले होते.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पहिलं वाचन झालं. काकूंनी अशी वाक्यं टाकली की खालचा ग्रंथपाल जिन्यात येऊन उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, “आपण जिंकलो.” पोस्टर छापून आलं. काकूंचं नाव वर, ठळक, एकटं. चष्म्याच्या दुकानाच्या काचेवर ते चिकटलं, आणि काकू ती काच दिवसातून इतक्यांदा पुसायला लागल्या की मालक म्हणाला, “काकू, अक्षरं जातील.”

आणि तालमी सुरू झाल्यावर काकू बिघडत गेल्या.

रोज थोड्या थोड्या. आधी त्या समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायला लागल्या. मग भाऊ आठवायच्या आधीच उसासे टाकायला लागल्या. पुढे पुढे तर कंपनीचा माणूस दारावर टकटक करायचा, तोवर ह्यांचे डोळे पुसून व्हायचे. सगळी संहिता तोंडपाठ, पुढचंमागचं सगळं ठाऊक, त्यात डॉक्टर रोज त्याच पावलाने आत येणार, रोज टोपी काढून छातीशी त्याच बटणावर धरणार, रोज त्याच सुरात ‘बाई, मन घट्ट करा’ म्हणणार. ऐकायचं काय त्यात? काकू घरी आरशासमोर उभ्या राहून चेहरा करून बघत. नवऱ्याला कंपनीचा माणूस व्हायला लावत. नवरा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला, तो भाऊ गेल्याची बातमी ‘उद्या पाणी येणार नाही’ ह्याच चालीवर सांगायचा. काकूंना त्यावर हसू यायचं, आणि हसून झाल्यावर पोस्टर आठवायचं. आयुष्यात एकदा नाव लागलं होतं, आणि त्या नावाखाली लाकडाचा ओंडका उभा राहणार होता.

प्रयोग आठवड्यावर आला. दुकानाला सुट्टी होती त्या दुपारी काकू महासंघाच्या खोलीत दाढ्यांची डागडुजी करत बसल्या होत्या. चिटणीस खाली चहा सांगायला गेले होते. फोन वाजला. काकूंच्या दातांत दोरा होता, तशाच त्या म्हणाल्या, “महासंघ.”

“चिटणीस नाहीत का? बरं, तुम्हीच ऐका,” पलीकडून डॉक्टर घाईघाईने, हळू आवाजात बोलायला लागले. “हे कुठे बोलायचं नाही. नायिका बदलायची आहे. बाई फार चांगली हो, आमचा सगळ्यांचा जीव आहे तिच्यावर. पण मी बातमी घेऊन येतो तोवर हिचं सुतक फिटलेलं असतं.”

“हं,” काकू म्हणाल्या.

“तुमच्याकडे त्या ऐनवेळच्या काकू आहेत ना, दुसऱ्यांच्या नाटकात जातात त्या? त्या पाठवा. आमच्या नाटकात आहेत त्या नकोत. समजलं ना? त्याच, पण त्या नाही.”

काकूंनी दोरा तोंडातून काढला. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून नेहमीचाच प्रश्न आला. “कपडे कुणाच्या मापाचे शिवलेत?”

“काकूंच्याच.”

“मग बसतील मला.”

 मग डॉक्टर म्हणाले, “काकू?”

“हो.”

“मी आपलं... एकूण नाट्यचळवळीबद्दल बोलत होतो.”

काकूंनी फोन ठेवला आणि मांडीवरच्या दाढीत तोंड खुपसून रडल्या. चिटणीस चहा घेऊन आले तेव्हा ती दाढी ओली झाली होती. त्यांनी काय झालं हे विचारलं नाही. ते दाराजवळच थांबले आणि कपांकडे बघत राहिले, तेव्हा काकूंच्या लक्षात आलं.

“तुम्हाला माहीत होतं.”

“परवा बोलले होते डॉक्टर,” चिटणीस म्हणाले. “मी म्हटलं, सांगू तुम्हाला चहा झाल्यावर. मग चहा झाला. मग म्हटलं, उद्याच्या चहाला सांगू.”

चिटणीसांचा हा दोष सगळ्या राज्याला माहीत होता. जन्मभर वीजखात्यात मीटर वाचले, पण कुणाला वाईट सांगायची वेळ आली की त्यांची जीभ टाळूला चिकटायची. महोत्सवासाठी ज्या मंडळीचं नाटक निवडलं जात नसे तिला ते कळवायचे, “यंदा नाटकं फारच छान आली आहेत.” बिचाऱ्या मंडळ्या ट्रक ठरवून यायच्या.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. चहा तसाच निवला. मग त्यांनी फोन ओढला आणि डॉक्टरांचा नंबर लावला.

“डॉक्टर, बैलाला सुई टोचायच्या आधी तुम्ही त्याला सांगता का?”

“छे. लाथ मारेल तो.”

“मला तुम्ही दोन महिने रोज सांगताय. मग मी काय करू? रोज एकच लाथ किती दिवस मारायची माणसाने?” एरवी डॉक्टर मध्ये बोलले असते, आज ऐकत होते. “मला बदलू नका. म्हणजे बदलायचंच असेल तर बदला, मी कुणाला दोष देणार नाही. पण नाटक वाचवायचं असेल तर माझ्यासमोरचा माणूस बदला. तुमचं काम चिटणीसांना द्या. आणि त्यांना तालमीला बोलावू नका.”

चिटणीसांनी हातातला कप घाईघाईने टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी आढेवेढे घेतले. नव्या बुटांचं सांगितलं, सासुरवाडीची माणसं प्रयोगाला येणार आहेत हेही सांगितलं. पण दुसरी नायिका राज्यात कुठे मिळेना, कारण मिळणारी एकच होती आणि तिच्याशीच ते बोलत होते. शेवटी त्यांनी होकार दिला. पोस्टरवर त्यांच्या नावाच्या जागी पांढरी पट्टी चिकटली. चिटणीसांना पटवणं त्याहून अवघड गेलं.

“मला नाटकातलं काय कळतं? मी आयुष्यभर नाटकं भरवली आहेत.”

“दारात जाऊन उभं राहायचं आणि लोकांना नको असलेलं सांगायचं. मीटरवाल्याचंच काम आहे.”

“मी सांगायचो कुठे? बिल दाराखालून सरकवून पळायचो.”

प्रयोगाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. तिसऱ्या रांगेत जाऊबाई, त्यांच्या शेजारी काकूंचा नवरा. पहिला अंक यथातथाच गेला. काकूंची वाक्यं चोख, पण वाळलेली. लोक खोकायला लागले. जाऊबाईंनी पर्स उघडून आत काय काय आहे ते पाहून घेतलं. विंगेत डॉक्टर नवे बूट घालून उभे होते, लागलंच तर म्हणून. नवरा एकटा न हलता बसला होता, पण तो पाणीपुरवठ्यात होता तेव्हापासूनच फारसा हलत नसे.

दुसऱ्या अंकात दारावर टकटक झाली. काकूंचे डोळे सवयीने भरायला निघाले होतेच. त्यांनी दार उघडलं, तर दारात कुणीच नाही. चिटणीस बाजूला सरकून भिंतीकडे तोंड करून उभे होते, मीटर कुठे बसवलाय ते शोधत असल्यासारखे. लोक हसले. काकूंच्या डोळ्यांतलं पाणी आल्या वाटेने परत गेलं.

“आत या ना,” त्या म्हणाल्या. हे वाक्य नाटकात नव्हतं.

“नको, इथेच बरा आहे,” चिटणीस म्हणाले. हेही नव्हतं.

मग ते कसेबसे आत आले, आणि त्यांनी काकूंकडे पाहिलं. विंगेतून डॉक्टर दबक्या आवाजात सांगत होते, ‘मन घट्ट करा, मन घट्ट करा’, ते चिटणीसांना ऐकू येत होतं, वाक्य पाठही होतं. पण समोर काकू होत्या. चिटणीसांच्या फोनवर वर्षानुवर्षं ‘कुठलं गाव’ म्हणून उठलेल्या, थंडीतापात बस पकडलेल्या काकू. त्यांच्या तोंडावर हे कसं सांगायचं?

“तुमचा भाऊ,” चिटणीस म्हणाले, “फार चांगला माणूस आहे हो.”

काकू थांबल्या. पुढचं वाक्य त्यांना ठाऊक नव्हतं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना पुढचं काही ठाऊक नव्हतं, आणि त्या कान देऊन ऐकायला लागल्या.

“आहे,” त्यांनी विचारलं, “की होता?”

सभागृहातला खोकला थांबला. चिटणीसांनी चष्मा काढला, पुसला, उलटा घातला, पुन्हा काढला. “तुम्ही आधी बसा. बसलात की सांगतो.”

“उभ्यानेच सांगा.”

“चहा घेता का?” चिटणीस काकुळतीला येऊन म्हणाले. तिच्याच खानावळीत, तिलाच. लोक हसले, आणि हसणं अर्ध्यात थांबलं, कारण काकू हसत नव्हत्या. त्या समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, आणि त्यावर जे लिहिलं होतं ते त्यांना आत्ता, सगळ्यांच्या देखत, हळूहळू कळत होतं. चिटणीसांनी मान हलवली. एवढंच केलं, आणि स्वतःच रडायला लागले.

संहितेप्रमाणे इथे बाईने हंबरडा फोडायचा होता. काकूंनी फोडला नाही. त्यांनी खुर्ची ओढून त्या माणसाला बसवलं आणि म्हणाल्या, “बसा. फार लांबून आलात तुम्ही.” त्यातल्या ‘लांबून’वर त्यांचा आवाज चिरकला आणि मग सावरलाच नाही. तिसऱ्या रांगेत जाऊबाई पर्समध्ये रुमाल शोधत होत्या. डॉक्टर विंगेत बूट हातात घेऊन बसले होते. ते कधी काढले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

तिसरा अंक काकूंनी कसा केला हे त्यांना नंतर आठवेना. बाईने दार उघडलं, कामाला लागली, पडदा पडला. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा सगळे ओळीने उभे राहिले, काकू सवयीने कडेला, चिटणीस त्यांच्या शेजारी. निवेदकाने कार्यक्रमपत्रिका उघडून एकेक नाव वाचायला घेतलं.

आजवर ह्या वेळी काकू दर वेळी अशाच कडेला उभ्या असत. काम त्यांनी केलेलं असे, नाव मात्र घरी गुळण्या करत बसलेल्या कुणा दुसरीचं पुकारलं जाई, आणि काकू तिच्यासाठी मनापासून टाळ्या वाजवत, बिचारीचा घसा लवकर बरा होवो म्हणून. त्यामुळे निवेदक “आणि प्रमुख भूमिकेत” म्हणाला, एक नाव त्याने खणखणीत वाचलं, सभागृह उठून उभं राहिलं, तेव्हा काकूही इतरांबरोबर टाळ्या वाजवायला लागल्या.

“काकू,” चिटणीस त्यांच्या कानाशी म्हणाले, “टाळ्या काय वाजवताय? ते नाव तुमचं आहे.”

काकूंचे हात थांबले. त्या दोन पावलं पुढे आल्या, उजेडात, आणि मग त्यांना रडू फुटलं.